यादीत वरवंटा नाही

मंठ्याच्या सेंटरवर बाहुली आलीच नव्हती. आता बोला! लहान लेकरं सांभाळणाऱ्या बायकांची परीक्षा, आणि परीक्षेत सांभाळायला लेकरूच नाही. कल्याणीनं जालन्याहून निघायच्या आधी फोन केला होता, वाटूर फाट्यावर बस थांबली तेव्हाही केला होता. "काकासाहेब, सामान सगळं आलंय ना?" आणि दोन्ही वेळेला काकासाहेब म्हणाले होते, "बिलकुल, मॅडम. तुम्ही फक्त या."

ती आली, आणि काकासाहेबांनी तिच्यापुढं आधी चहा ठेवला. तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"बाहुली आष्टीला गेलीय, मॅडम. तिथल्या बॅचला पाहिजे होती."

"मग आणा की आष्टीहून."

"आणली असती. पण कपाटाची चावी ज्याच्याकडं आहे तो गडी गेलाय लग्नाला."

हे काकासाहेब म्हणजे सेंटरचे चालक. खताच्या दुकानावर एक लांबट हॉल, त्यातच त्यांचं शिलाईचं शिक्षण चाले, त्यातच कॉम्प्युटरचं आणि त्यातच बालसंगोपनाचं. माणूस वाईट नव्हता, पण "येईल की", "होईल की" ह्या दोन शब्दांवर त्यांनी अख्खा संसार रेटला होता.

कल्याणीला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. असेसर, म्हणजे परीक्षा घेणारी, म्हणून तिची ही पहिली बॅच. जालन्यात तिनं कितीतरी वर्षं बालवाडी चालवली होती. लेकरं निजावीत म्हणून त्यांना खोकल्याचं औषध पाजणारी पाळणाघरं तिनं डोळ्यांनी पाहिली होती, आणि तेव्हापासून तिचं ठाम मत होतं की ज्या बाईच्या हातात लोक आपलं लेकरू देतात त्या बाईची परीक्षा झालीच पाहिजे, आणि कडक झाली पाहिजे. म्हणून ती ह्या कामात पडली. संभाजीनगरला जाऊन ट्रेनिंग घेऊन आली. तिथले शिकवणारे सर पुन्हा पुन्हा सांगायचे, "असेसरला डोळे असतात, तोंड नसतं." शिकवायचं नाही, सुचवायचं नाही, मान हलवायची नाही. बाई चुकली तर चुकू द्यायची. सगळं टॅबवर शूट करायचं, आणि ते शूटिंग पुण्यात बसलेले अवधूत सर तपासणार. ते बरोबर म्हणाले तर बॅच पास.

बायका सकाळपासून येऊन बसल्या होत्या. कुणी वाटूरहून, कुणी तांड्यावरून, दोघीतिघी मंठ्यातल्याच. इस्त्रीची लुगडी, डोक्याला तेल, तोंडावर परीक्षेची भीती. त्यांच्यात वयानं मोठ्या दैवशालाबाई. वाटूर रोडच्या जिनिंगवर कापूस निवडणाऱ्या बायांची लेकरं त्या पाळणाघरात सांभाळायच्या. नवरा मेंढरं घेऊन वर्षातला निम्मा काळ बाहेर, घरात नेमानं पगार आणणाऱ्या त्याच. आणि जिनिंगच्या ठेकेदारानं त्यांना साफ सांगितलं होतं, "दिवाळीनंतर सर्टिफिकेट नसलेली बाई ठेवणार नाही. वरून ऑर्डर आहे." म्हणजे ही परीक्षा पास झाल्या तर नोकरी, नाही तर घरी. इतकं सरळ होतं ते.

सेंटरचा पाळणा मोडलेला, म्हणून पाळणासुद्धा दैवशालाबाईंनीच आणला होता. त्यांची लेक छकुली बाळंतपणाला माहेरी आलेली होती, तिच्या बिरूचा पाळणा. जुना, लाकडी, दोऱ्या नव्या. हॉलच्या कडीला तो टांगलेला, आणि ज्याचा पाळणा तो बिरू बाहेर जिन्यात आईच्या खांद्यावर झोपेसाठी किरकिरत होता. कारण त्याला आत आणायचं नाही! नियमच तसा. खरं लेकरू कॅमेऱ्यात दिसता कामा नये. धन्य तो नियम करणारा.

"करा हो बाहुलीशिवाय," काकासाहेब म्हणाले. "ॲक्शन केली म्हणजे झालं."

कल्याणीनं टॅब चालू केला. पहिलं काम, बाळाला सुरक्षित निजवणे. पहिली पोरगी उठली, इंद्रायणी नावाची, चुणचुणीत. हात धुतले, दोऱ्या ओढून पाहिल्या, गाठी पाहिल्या, आतलं फडकं काढून झटकलं, घट्ट अंथरलं. सगळं कसं बराबर. मग पाळण्याच्या दोरीला हात घातला आणि तशीच उभी राहिली.

"मॅडम," ती म्हणाली, "रिकामा कसा हलवू?"

कल्याणीला तोंड नव्हतं. ती नुसती बघत राहिली.

"रिकामा पाळणा न्हाई हलवत, मॅडम. ज्याचा पाळणा त्या लेकराला बाधतं."

हे काय कल्याणीला ठाऊक नव्हतं? मराठी मुलखात जन्मलेल्या कुठल्या पोरीला ठाऊक नसतं? लहानपणी मावशीच्या घरी रिकाम्या पाळण्याला झोका दिला म्हणून तिच्या हातावर चापट बसली होती. शिकली, कळती झाली, बालवाडीत पोस्टर लावून अंधश्रद्धेवर बोलली. पण इंद्रायणीचा हात अडला तेव्हा तिला त्या पोरीचा राग काही आला नाही. राग आला तो आष्टीच्या त्या गड्याचा, त्याच्या लग्नाचा आणि त्याच्या चावीचा.

दुसरी उठली, ती पण अडली. तिसरी तर उठेचना. काकासाहेब दारातून ओरडले, "अगं, सायन्सच्या जमान्यात आहात! हलवा जल्दी!" त्यावर एकीनं त्यांना म्हटलं, "मंग तुमच्या नातीचा पाळणा आणा, हलवतो." काकासाहेब चहाचे कप गोळा करायला लागले.

मग दैवशालाबाई उठल्या आणि काही न बोलता जिना उतरून गेल्या. कल्याणीला वाटलं, गेली बाई रागावून. पण त्या परत आल्या तर त्यांच्या हातात वरवंटा. खालच्या घरातून मागून आणलेला, धुऊन घेतलेला. त्यांनी छकुलीकडून बिरूची कुंची घेतली, वरवंट्याला घातली, दुपट्यात गुंडाळला, आणि हॉलभर बायका खदखदून हसायला लागल्या.

"हसता काय गं? बारशाला वरवंट्यालाच लेकरू करतो ना आपण? गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणून पाळण्याखालून देतो ना? मंग आज परीक्षेला का न्हाई चालायचा?"

आणि चालला की! काय सुरेख चालला. मानेखाली हात धरून त्यांनी त्या वरवंट्याला उचललं, खांद्यावर घेऊन पाठ थोपटली, ढेकर काढली, उताणं निजवलं, तोंडावर कापड येत नाही ना ते पाहिलं. मग झोका दिला, हलका, एका लयीत. त्यांच्यामागून सगळ्यांनी केलं. एकीनं तर वरवंट्याची नजर पण काढली. कल्याणी हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. ती नुसती शूट करत राहिली आणि आतून तिला इतकं बरं वाटत होतं की काय सांगावं. परतीच्या बसमध्ये ती एकटीच हसत होती.

आठवडाही गेला नाही तोच निकाल आला. बॅच नापास. एकूण एक बाई नापास. कारणाच्या रकान्यात सगळ्यांच्या नावापुढं एकच मजकूर: झोपण्याच्या जागेत जड, कठीण वस्तू ठेवली. बाळाच्या जिवाला धोका. गंभीर चूक.

कल्याणीनं तो मजकूर वाचला, परत वाचला, आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. तिनं तिथल्या तिथं अवधूत सरांना फोन लावला.

"सर, ती जड वस्तू म्हणजेच बाळ होतं!"

"मॅडम, मी व्हिडिओ नीट पाहिलाय," अवधूत सरांचा आवाज गोड, शांत. असल्या आवाजावर माणूस ओरडू पण शकत नाही. "मला बाळ दिसलं नाही. दगड दिसला."

"बाळ नव्हतंच, सर. सेंटरवर बाहुली आली नव्हती."

"मग दगड कशाला ठेवला?"

"बाळ म्हणून!"

"दगडाला बाळ कसं म्हणणार, मॅडम?"

"सर, तुमच्या घरी बारसं झालं असेल ना कधी?"

"मॅडम, पर्सनल नको. साहित्याची यादी तुमच्याकडं आहे. यादीत वरवंटा नाही. साहित्य नसेल तर काय करायचं तेही लिहिलंय: साहित्याविना नुसती कृती करून दाखवावी. म्हणजे पाळणा रिकामा."

"रिकामा त्या हलवत नाहीत, सर."

"का?"

कल्याणीनं सांगितलं. पलीकडं कीबोर्डची टकटक झाली. मग सर म्हणाले, "ह्यासाठी रकाना नाहीये, मॅडम." आणि वर मोठ्या मनानं म्हणाले की तुमची पहिली बॅच आहे, फेरपरीक्षेची संधी देतो. ह्या वेळी लाइव्ह. मी स्वतः व्हिडिओ कॉलवर बसेन. त्यातही गडबड झाली तर मात्र बॅच रद्द.

कप्पाळ माझं, असं म्हणून कल्याणीनं फोन पलंगावर फेकला. मग तिनं पडलेला फोन उचलून काकासाहेबांना लावला आणि आष्टीच्या बाहुलीचं विचारलं. "येईल की," काकासाहेब म्हणाले. दुसऱ्या पाळण्याचं विचारलं. "होईल की," म्हणाले.

तेव्हा तिनं कुणाच्याच भरवशावर राहायचं नाही असं ठरवलं. फेरपरीक्षेच्या दिवशी मंठ्यात उतरल्यावर ती आधी बाजारात गेली आणि स्वतःच्या पैशानं एक बाहुली घेऊन आली. चांगली हातभर मोठी, आडवी केली की डोळे मिटणारी. बायकांनी बाहुली पाहिली आणि त्यांच्या जिवात जीव आला. दैवशालाबाईंनी पुन्हा बिरूचाच पाळणा आणून टांगला होता, कारण काकासाहेबांचा दुसरा पाळणा काही झाला नव्हता. छकुली पुन्हा जिन्यात. बिरू ह्या खेपेला तिच्या मांडीवर शांत पडून स्वतःची मूठ चोखत होता.

टॅबवर अवधूत सर उगवले. मागं पांढरी भिंत, गळ्यात ओळखपत्र. बाहुली त्यांना लगेच दिसली.

"हे काय आहे, मॅडम?"

"बाहुली, सर. यादीत आहे."

"यादीत बाळाच्या वजनाची, मान न धरणारी बाहुली आहे. हे खेळणं आहे. काढा."

"सर, निजवायचंच तर आहे! मान काय, डोळे पण मिटते ती!"

"काढा, मॅडम. आणि आवाज जरा खाली. हे सगळं रेकॉर्ड होतंय."

कल्याणीनं बाहुली काढली. खरं तर ती त्या टॅबवर फेकून मारावी असं तिला वाटत होतं. एवढं शिक्षण, एवढा अनुभव, आणि एका पांढऱ्या भिंतीपुढं आपण मुकाट बाहुली काखेत मारून उभ्या आहोत, ह्याचा तिला भयंकर संताप आला. आणि बोलून काय होणार होतं? ती बोलली असती तर बॅच रद्द. तिचं काय, तिनं जालन्याला परत जाऊन बालवाडी चालवली असती. दिवाळीनंतर घरी बसायचं होतं ते दैवशालाबाईंना.

पहिली पुन्हा इंद्रायणीच. तिनं सगळं केलं, दोरीला हात घातला, आणि वळून पाहिलं ते कल्याणीकडं नाही, टॅबकडं नाही, दैवशालाबाईंकडं. पाळणा त्यांच्या नातवाचा होता ना. सगळा हॉल त्यांच्याकडंच बघायला लागला.

दैवशालाबाईंनी पदर नीट केला. "हलव," त्या म्हणाल्या. "माझ्यामुळं कुणाचं अडायला नको."

इंद्रायणीनं डोळे मिटून हलवला. तिच्यामागून दुसरीनं हलवला, ओठातल्या ओठात देवाचं नाव घेत. मग तिसरीनं. प्रत्येक बाई पाळण्यापाशी जायची, काम उरकायची आणि परत येऊन बसताना दैवशालाबाईंच्या पायाला ओझरता हात लावायची. वरवंट्याच्या दिवशी ह्याच बायका हसून हसून लोळल्या होत्या. आज कुणी शब्द काढत नव्हतं. अवधूत सर मात्र खूश. "व्हेरी गुड. नेक्स्ट."

शेवटी दैवशालाबाई उठल्या.

त्यांनी हात धुतले. दोऱ्या पाहिल्या. फडकं अंथरलं, कोपरे दाबले. आत कुणी येणारच आहे अशा त्या सगळं करत होत्या. मग त्यांनी दोरी धरली. कल्याणीला वाटलं, आता ही बाई दोरी सोडून देईल आणि म्हणेल, घाला चुलीत तुमचं सर्टिफिकेट. मनातून तिला वाटत होतं की म्हणावंच. म्हणा ना, मावशी! पण दैवशालाबाईंनी एकदा जिन्याच्या दाराकडं पाहिलं, तोंड फिरवलं आणि झोका दिला.

पाळणा गेला आणि आला. कडी करकरली.

"मॅडम," टॅबमधून आवाज आला, "नेटवर्क गेलं होतं. चित्र अडकलं. परत एकदा करायला सांगा."

"सर, केलंय त्यांनी. मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय!"

"मला दिसलं नाही, मॅडम. परत एकदा. आणि थोडा जास्त वेळ."

कल्याणीनं दैवशालाबाईंकडं पाहिलं. तिला काही सांगावं लागलं नाही, त्यांनी ऐकलंच होतं. त्यांनी परत दोरी धरली आणि रिकामा पाळणा हलवायला लागल्या. हलवत राहिल्या. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं, पण हात लयीत होता. सर "बस" म्हणाले तरी हात थांबला नाही. कल्याणीनं जाऊन पाळणा धरला तेव्हा थांबला.

"एक्सलंट," अवधूत सर म्हणाले. "मॅडम, मार्किंग पूर्ण करून सबमिट करा." आणि ते गेले.

दैवशालाबाईंनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि निघाल्या. पाळणा तिथंच टांगलेला.

"मावशी, पाळणा!" काकासाहेब म्हणाले.

"राहू द्या इथंच. त्याच्यात आता लेकरू न्हाई निजवायचं. तुमच्या परीक्षेला व्हईल."

"बरं झालं की! सेंटरला पाळणा पाहिजेच होता."

कल्याणीनं काकासाहेबांकडं असं पाहिलं की ते दोन पावलं मागं सरकले. मग ती टॅब खुर्चीवर टाकून जिना उतरून धावली. खाली खताच्या पोत्यांपाशी दैवशालाबाई उभ्या होत्या. छकुलीकडून त्यांनी बिरूला घेतलं होतं आणि त्याचं कपाळ, गळा, पोट हातानं चाचपून पाहत होत्या.

"मावशी, अहो, काही होत नसतं त्यानं," कल्याणीला धाप लागली होती. "खरंच सांगते. नुसतं लाकूड आहे ते. तुम्ही पास झालात. नोकरी राहील तुमची."

"मला काय कळत न्हाई का, मॅडम?" दैवशालाबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "कायबी व्हत न्हाई, म्या बी जानते. पण लेकरू हाय. आज ना उद्या ताप येतोच लेकराला. ताप आला की म्या काय सांगू मनाला? पगारासाठी हलवला म्हणू?"

छकुली आईकडं बघत होती. तिला अजून काही माहीत नव्हतं. "आई, पाळणा कुठंय?" ती म्हणाली. "ह्याला निजवायचं कशात?"

"झोळी बांधीन," दैवशालाबाई म्हणाल्या. "चल."

त्या दोघी बसस्टँडकडं निघाल्या. बिरू आजीच्या खांद्यावरून मागं बघत होता. वरून काकासाहेबांनी हाक मारली, "मॅडम, टॅबची बॅटरी चाललीय, जल्दी या!" कल्याणी जिना चढून वर आली, खुर्चीवरचा टॅब घेतला, आणि दैवशालाबाईंच्या नावापुढं "बाळाच्या सुरक्षिततेची काळजी घेते" असं छापलेलं होतं त्याच्यासमोर खूण केली.